नानांची पिकअप आता माझ्याकडे: आधी पैसे कुठे घातले आणि कुठे नाही

गाडी बोलेरो पिकअप, २०१८ ची, बीएस४, २५२३ सीसीचं कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल सोडणारं) डिझेल इंजिन, पासिंग एमएच १९, मीटर पावणेदोन लाखाच्या पुढे. नानांनी म्हणजे वडिलांनी नवी घेतलेली आणि सगळं आयुष्य केळीत गेलेली. यावल, फैजपूर, सावद्याच्या बागांमधून घड भरायचे, रावेरला नाहीतर बऱ्हाणपूरला टाकायचे, येताना खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, कुणाचं तरी लग्नाचं सामान. नाना गेल्या वर्षी गेले आणि गाडी माझ्याकडे आली. घरची शेती आहे, वर थोडी भाडी मारतो, त्यामुळे विकायचा विषयच नव्हता. विषय एवढाच की आधी काय बदलायचं, कारण सल्ले देणारे लाईनीत उभे. शालक म्हणे दाजी अलॉय टाका, चुलतभाऊ म्हणे टपावर एलईडी बार, एक दोस्त तर म्हणे रीमॅप कर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढव, घाटात फॉर्च्युनरला मागे टाकशील. फॉर्च्युनरला मागे टाकून केळीला भाव जास्त मिळतो का हे मी त्याला विचारलं नाही.

बजेट साठ हजाराच्या आत. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी यावर चालवून झाली, म्हणून आता लिहितोय, नुसतं बसवल्या दिवशी सगळंच भारी वाटतं.

गाडीला पाना लावायच्या आधी एक काम, ते थोडक्यात सांगतो कारण खूप लोक हे करतच नाहीत आणि वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी फिरवतात. मालक वारला की तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं की मालक गेले आणि गाडी मी वापरणार आहे, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नावावर करायची. फॉर्म ३० विक्रीचा, तो नाही, वारसाचा ३१. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकी वारसांची संमती, फायनान्स असेल तर त्यांची एनओसी. इन्शुरन्सही त्याच वेळी नावावर घ्या, अपघात झाल्यावर कंपनी पहिलं नाव बघते. आणि मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दर दोन वर्षांनी नाही, दरवर्षी, माझी गाडी नेमकी आत्ता त्यात आली. त्यामुळे ब्रेक, लाईट, रिफ्लेक्टर, वायपर हे सगळं तसंही करावंच लागणार होतं.

काम केलं जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजात. नाव देत नाही, पण गॅरेजबद्दल शेवटी लिहितो. मिस्तरींना सगळे आप्पा म्हणतात, मूळ पारोळ्याकडचे, बोलतात अहिराणीतच. मी लाईट आणि टायरची यादी घेऊन गेलो होतो, त्यांनी यादी न बघताच गाडीची चक्कर मारली, आले आणि म्हणाले, "गाडी पहिले थांबाले जोयजे भाऊ, मंग पयाले." (आधी थांबायला पाहिजे, मग पळायला.) मग बोनेट उघडून रेडिएटरकडे बोट केलं आणि म्हणाले, "आनी हाई तर उन्हायामां रस्तामां उभी ऱ्हाई जाई."

तर पहिलं रेडिएटर. जळगाव-भुसावळचा मे ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, ४५ च्या आसपास पारा, दुपारी दोनला भरलेली गाडी, मागून गरम वारा असला तर रेडिएटरला हवाच लागत नाही. आमच्या गाडीत कूलंट नव्हतंच. वर्षानुवर्षं वाटेत जिथे काटा वर गेला तिथे बोअरचं पाणी ओतलेलं, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं आहे ते घरातल्या हीटरची कॉइल बघा, पांढरा थर. तोच थर इंजिनच्या आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो, मग पाणी फिरतं पण उष्णता सोडत नाही. जुन्या पितळी रेडिएटरला टाकी उघडून रॉडिंग करायचे, नळ्यांमधून सळई मारून थर काढायचे. आताच्या अॅल्युमिनियम कोअर आणि प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला ते नीट जमत नाही, सळईने नळी फाटते. एका रेडिएटरवाल्याने मला करून देतो सांगितलं होतं, मी नको म्हटलं आणि नवा बसवला. इंजिन आतून फ्लश केलं, पहिल्यांदा जे पाणी निघालं ते चहाच्या रंगाचं होतं, स्वच्छ पाणी येईपर्यंत केलं.

कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं, किंवा सरळ तयार मिश्रणाचा कॅन घ्या, आप्पा तयारच घ्या म्हणतात कारण पाणी मिसळताना लोक परत बोअरचंच मिसळतात. अर्धं-अर्धं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि वर झाकण जो दाब धरून ठेवतं त्याने अजून वीसेक अंश चढतात. म्हणजे रेडिएटरचं झाकण ही काही नुसती टोपी नाही, तिच्यातलं रबर आणि स्प्रिंग गेली की दाब राहत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या बाटलीतून बाहेर. दोन-तीनशे रुपयाचं झाकण आहे, नवा रेडिएटर घेऊन जुनं झाकण लावणारे मी बघितलेत.

थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्ववर, मात्र जरा बोलायचंय, कारण आपल्या भागात तो काढून टाकायची फॅशन आहे. "खान्देशात थर्मोस्टॅटचं काय काम" हे वाक्य मी चार गॅरेजात ऐकलं असेल. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कधीच नीट गरम होत नाही, डिसेंबरात सकाळी धुळ्याकडे निघालात तर अर्धा रस्ता थंड इंजिनवर, डिझेल जास्त, धूर जास्त, आतली झीज जास्त. आणि काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच तो बायपासची वाट बंद करतो, तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच गोल फिरतो, म्हणजे ज्यासाठी काढला तेच उलट होतं. नवा टाकला, वर पंख्याचा व्हिस्कस कपलिंग (पंखा इंजिनला जोडणारा भाग) तपासला. तपासायची साधी रीत, गाडी चांगली गरम असताना इंजिन बंद करायचं, चावी खिशात घालायची आणि पंखा हाताने फिरवून बघायचा, जड फिरायला पाहिजे, सैल भिरभिरला तर कपलिंग गेलंय. रबरी होजही सगळे बदलले, ते दाबून बघा, कडक किंवा भेगाळलेले असतील तर वाट बघू नका.

रिझल्ट: मेमध्ये धुळ्याजवळचा लळिंगचा घाट दुपारी भरलेल्या गाडीने चढलो, काटा मधल्या रेघेच्या वर सरकला नाही. ह्या एका कामाला मी दहापैकी दहा देतो. दिसायला काहीच नाही, फोटो टाकायलाही काही नाही.

ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड संपत आलेले एवढंच, पण मागचा एक ड्रम उघडला तर व्हील सिलेंडर गळत होता आणि लायनर तेलाने माखलेलं, म्हणजे मागचं एक चाक जवळपास ब्रेकच मारत नव्हतं आणि गाडी जोरात दाबली की एका बाजूला ओढायची. नानांना याची सवय झाली असणार, स्टिअरिंग धरून चालवत असतील. दोन्ही सिलेंडर नवे, लायनर नवे, ड्रम लेथवर साफ केले, पॅड कंपनीचे. लोकल पॅड निम्म्या पैशात मिळतात आणि बाजारात कंपनीच्या डब्यात लोकल माल पण मिळतो, त्यामुळे होलोग्राम आणि बिल दोन्ही बघा.

आणि ब्रेक ऑइल. हे कुणी बदलत नाही, फक्त कमी झालं की वरून टाकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ (डॉट म्हणजे ऑइलची ग्रेड) नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं पण ओलावा धरला की ती हद्द १५५ वर येते, डॉट ३ असेल तर २०५ वरून १४०. आता कोंडाईबारी घाट नवापूरच्या बाजूला माल भरून उतरताय, पाय सारखा ब्रेकवर, चाकाजवळचं ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल तळाला जातं, कारण वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. तिथे मिस्तरीचा काही दोष नसतो, दोन वर्षांत एकदा चारशे-पाचशे रुपयाचं ऑइल बदललं नाही एवढंच. अर्थात ऑइल कितीही नवं असलं तरी घाट ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचा, न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजूनही भेटतात, त्यांना लांबून नमस्कार.

आता पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, आणि इथे माझं आणि अर्ध्या गावाचं पटत नाही. नानांनी मागे दोन्हीकडे एकेक जादा पाटा टाकून घेतला होता, आपल्याकडे पिकअप घेतली की शोरूममधून सरळ पाटेवाल्याकडेच जाते. माल जास्त बसतो, मागून गाडी बसत नाही, उभी राहिली की रुबाबदार दिसते, सगळं खरं. पण केळीला हे वाईट. रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी उडते, बागेच्या रस्त्याला प्रत्येक खड्डा सरळ घडाला लागतो, खाली पानं कितीही अंथरा, फण्यांना मार बसतोच, आणि मार आत्ता दिसत नाही, दोन दिवसांनी काळा डाग म्हणून दिसतो आणि व्यापारी तिथेच भाव तोडतो. दुसरं, काही पिकअपला मागच्या एक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा वॉल्व असतो, मागची बाजू किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. जादा पाटा टाकला की गाडी भरूनही दबत नाही, वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, मागच्या ब्रेकला प्रेशर कमी, म्हणजे माल जास्त आणि ब्रेक कमी. पाटेवाला हे सांगत नाही, त्याला कदाचित माहीतही नसेल.

आणि पाटा वाढवला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एका ट्रिपचं काय, पाच ट्रिपचं भाडं गेलं.

मी जादा पाटे काढले, मूळ सेटमधला एक तुटलेला होता तो बदलला, बाकीचे कमान देऊन घेतले, बुश, शॅकल पिन आणि यू-बोल्ट नवे, शॉकअॅब्झॉर्बर नवे. यू-बोल्ट जुने परत लावू नका, ते एकदा ताणले की ताणले, आणि नवे लावल्यावर दोन-चारशे किलोमीटरला परत टाईट करून घ्या. गावातले विचारतात गाडी मागून बसली का. बसली, भरली की बसायलाच पाहिजे. कापूस नेणाऱ्यांचं वेगळं असेल, कापूस हलका आणि आवाढव्य, त्यांना वजनापेक्षा उंचीचा त्रास, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

टायर. साईज २१५/७५ आर १५, मालवाहू गाडीचाच टायर घ्या, तोच आकार एसयूव्हीच्या टायरमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा, तो साईजच्या शेजारी छापलेला असतो. चार नवे घेतले, स्टेपनी जुन्यातला बरा ठेवला. पुढे कधीच रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) नाही, मागे घालणारे घालतात, मी तेही टाळलं कारण आपल्या उन्हात डांबर तापलेलं असताना रिमोल्डचे सोललेले पट्टे हायवेला जागोजागी पडलेले दिसतात, ५३ नंबरच्या हायवेवर मुक्ताईनगरपर्यंत जरा मोजत जा. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, समजा २३१९ तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. एका दुकानदाराने चारपैकी एक टायर बाकीच्यांपेक्षा तीन वर्षं जुना लावायला काढला होता, विचारलं तर म्हणे साहेब रबर आहे, दूध थोडीच आहे. बदलून दिला पण तोंड वाकडं करून. हवा सकाळी थंड टायरला बघायची, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. दुपारी गरम टायरला वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही, संध्याकाळी तीच कमी पडते आणि कमी हवेचा टायरच जास्त तापून फुटतो.

टायरवर सगळ्यात जास्त पैसे गेले, जवळपास निम्मं बजेट. वाईट वाटलं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर कुठलाच टायर चालत नाही हे मात्र लक्षात ठेवा, पट्ट्यांमध्ये चिखल भरला की नवा काय आणि बोडका काय, ट्रॅक्टर बोलवावाच लागतो.

लाईटची गंमत आहे. सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त फरक. रात्री अकरानंतर बागेतून निघायचं, समोर काय ते दिसायचं नाही, आणि जो तो म्हणे एलईडी बल्ब टाक. एका दोस्ताच्या गाडीत बसून बघितलं, लाईट पांढराशुभ्र, पण पसरलेला, झाडाच्या शेंड्यावर उजेड आणि रस्त्यावर कमी. कारण साधं आहे, हेडलाईटचा रिफ्लेक्टर एच४ हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेप्रमाणे बनवलेला असतो, तिथे दुसऱ्या आकाराचा बल्ब घातला की उजेड कुठेही जातो, समोरच्याच्या डोळ्यात तर हमखास. वर पावसात आणि धुळीत पांढरा उजेड परत आपल्याकडेच फेकला जातो. १००/९० वॅटचे बल्ब घालणारेही आहेत, ते होल्डर वितळवतात, आणि कायद्यातही बसत नाहीत.

वायरमनने मीटर लावून दाखवलं, इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट आणि बल्बपाशी बाराच्याही खाली. मधे जुनी वायर, स्विच, गंजलेला अर्थ, सगळीकडे थोडं थोडं खाल्लं जातं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो, दहा टक्के व्होल्टेज कमी तर उजेड तीसेक टक्के कमी. त्यावर उपाय रिले किट, म्हणजे बॅटरीवरून जाड वायर फ्यूज लावून सरळ बल्बला आणि जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करायला. किट हजाराच्या आत, बल्ब साधे कंपनीचे ६०/५५, काचा पिवळ्या पडल्या होत्या म्हणून हेडलाईटच नवे. आता लो बीमला समोरचा शिव्या देत नाही आणि मला रस्त्याच्या कडेचा बैलगाडीवाला दिसतो. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर टेप चांगल्यातली लावली, फिटनेसला लागतेच, पण रात्री रस्त्याकडेला उभं राहून चाक बदलायची वेळ आली की तिचा खरा उपयोग कळतो.

फिल्टरबद्दल जास्त लिहीत नाही, पण कॉमन रेल गाडी असेल तर डिझेल फिल्टर स्वस्तातला घेऊ नका. हजारापेक्षा जास्त बारच्या दाबाने डिझेल इंजेक्टरमधून जातं, त्यात पाणी किंवा कचरा गेला की एक इंजेक्टर रिपेअरला जे लागतं त्यात दहा-पंधरा वर्षांचे फिल्टर येतात. खालचा पाणी काढायचा बोल्ट अधूनमधून सैल करून पाणी सोडायचं, शेतात ड्रममधलं डिझेल ओतणाऱ्यांनी तर जास्तच. एअर फिल्टर कॉम्प्रेसरने फटाफट मारून साफ करतात, त्याने कागदाला बारीक भोकं पडतात, मग काळ्या मातीची धूळ सरळ टर्बोच्या पात्यावर. झटकायचा हळू, आणि वेळ झाली की बदलायचा. ऑइल मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेलं तेच. घाट चढून आल्यावर किंवा लांबून आल्यावर लगेच चावी बंद नाही, मिनिटभर चालू ठेवायची, टर्बो तापलेला असतो आणि ऑइल थांबलं की आतच जळतं. बॅटरी बदलली नाही, टर्मिनल आणि अर्थची पट्टी घासून साफ केली, स्टार्टर एकदम उठला.

न केलेली कामं. रीमॅप नाही: ताकद वाढते यात शंका नाही, पण भरलेल्या गाडीत ती ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि रेडिएटरनेच झेलायची असते आणि ते सगळं पावणेदोन लाख चाललेलं आहे. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व) बंद करून देतो असं दोघा-तिघांनी सांगितलं, धूर कमी होतो, पिकअप वाढतो वगैरे. मी फक्त काढून काजळी साफ करून घेतली, बंद केला तर पीयूसी आणि फिटनेसला कधी अडकेल सांगता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायला परवानगी देत नाही. क्रॅशगार्ड म्हणजे पुढे वरून लावलेला जादा लोखंडी बंपर तोही त्याच्यात येतो, २०१७ च्या शेवटी केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं, तरी आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या पिकअपला आहे. प्रेशर हॉर्न नाना असतानाच काढला होता, आजीला भीती वाटायची. म्युझिक सिस्टीम जुनीच आहे, एक स्पीकर फाटलाय, चालतं.

सीट मात्र बदलली आणि ती न सांगता राहवत नाही. ड्रायव्हर सीटचा फोम इतका बसला होता की खालची पत्र्याची कड मांडीला लागायची. कव्हर नको, आधी फोम नवा भरा, मग वर पाहिजे ते कव्हर टाका. रेक्झिन नाही, कापडी, मेमध्ये रेक्झिनवर बसून बघा म्हणजे कळेल.

हौद्याचं काम आप्पांच्या शेजारच्या वेल्डरकडे. केळीचा चीक पत्र्यावर पडत राहतो, पानांचा ओला कचरा कोपऱ्यात साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पत्रा खालून सडतो. आमच्या हौद्याच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बोट आरपार जात होतं. तेवढा पत्रा कापून नवा, भोकं मोकळी, खालून अँटीरस्ट, वर जाड रबरी मॅट टाकली पण चिकटवली नाही, दर आठवड्याला उचलून धुता यावी म्हणून. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या नव्या. ताडपत्री जाड घेतली, दोराचे हूक दोन्हीकडे वाढवले. मॅटमुळे घड सरकत नाहीत हा फायदा मला वाटला होता त्यापेक्षा जास्त निघाला, कॅरेट पण जागेवर राहतात.

आता गॅरेजबद्दल. चांगलं: काढलेला प्रत्येक पार्ट पोत्यात भरून माझ्या हातात दिला, काय का बदललं ते उघडून दाखवलं, आणि जे नको ते नको म्हणून सांगितलं, बॅटरी नवी विकायची संधी होती ती सोडली. पार्ट मी स्वतः आणले तरी कुरकुर नाही, मजुरी आधी सांगितली तीच घेतली. वाईट: तारीख. "उद्या सकाळे लई जाय" म्हणजे परवा संध्याकाळ, आणि लग्नसराईत तर तेही नाही. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मजुरीचं तर कागदावर आकडा टाकून देतात. बसायला जागा नाही, उन्हात गाडीच्या सावलीत उभं राहायचं, पाणी बाजूच्या टपरीवर. वेल्डरचं काम मजबूत पण रंग सारखा नाही, हौदा एका शेडचा आणि केबिन दुसऱ्या. धंद्याच्या गाडीला मला काही फरक पडत नाही, ज्याला पडतो त्याने रंग दुसरीकडे मारावा. एकूण दहापैकी आठ, दोन मार्क तारखेचे कापले.

मायलेजचं विचाराल तर रिकामं-भरलेलं, बाग-हायवे मिळून लिटरला एक-दीड किलोमीटर वाढलंय, त्यात थर्मोस्टॅटचं किती, टायरच्या हवेचं किती आणि ब्रेक चिकटत नाहीत त्याचं किती हे वेगळं काढता येणार नाही.

पुढचा खर्च क्लच. पेडल फार वर पकडायला लागलंय आणि भरलेल्या गाडीला चढावर सोडताना वास येतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदाच बदलणार, गिअरबॉक्स परत परत उतरवण्यात मजुरीच जाते, आणि उतरवलाच आहे तर फ्लायव्हीलचं फेसिंग (घासून सपाट करणं) पण. भुसावळच्या एकाने आणि जळगावच्या एकाने मजुरी सांगितली आहे, दोघांत बराच फरक आहे, पण भुसावळवाला फेसिंग धरत नाहीये असं आप्पा म्हणतात.